ल्हादेनच्या घरचा घोट

या, असे जवळ सरका. मणिचक्र फिरवणाऱ्यांनी फिरवत राहावं, ऐकायला कान लागतात, हात मोकळेच असतात. आज तुम्हाला एका घोटाची गोष्ट सांगायची आहे. घोट तरी कसला, साधा मीठ-लोण्याचा चहा. पण तो एका माणसाच्या घशाखाली उतरावा म्हणून एका बाईने अर्धी उमर वाट पाहिली. मोठ्याने सांगण्यातली गोष्ट नाही ही, म्हणून म्हणते, जवळ सरका.

बाझोर गावात ओढ्याकाठच्या शेवटच्या घरात ल्हादेन राहायची. मागावर बसावं तर तिनेच. रेशमाचा किरा असा विणायची की नेसणारीने आरशात बघायच्या आधी कापडाकडे बघावं. कामासाठी सगळं गाव तिच्या शिडीची पायरी चढायचं. पण तिच्या घरचं पाणीसुद्धा कुणी तोंडाला लावत नसे.

आपल्यात पाहुण्याने आधी नकोच म्हणायचं असतं. तोंडावर हात धरून ‘मेशू, मेशू’ करायचं. यजमानणीने वाडगा पुढे रेटायचा, पुन्हा मेशू, आणि तिसऱ्या खेपेला लाजत लाजत घ्यायचा. पहिल्याच खेपेला घेतो तो हावरा, आणि तिसऱ्यांदाही घेत नाही तो वैरी. ल्हादेनच्या घरी सगळं गाव वैऱ्यासारखं वागायचं, आणि तेही हसतमुखाने. ती चहा घुसळायची, वाडगे मांडायची, रीतीप्रमाणे किटलीतला थोडा चहा आपल्या तळव्यावर ओतून सगळ्यांदेखत पिऊन दाखवायची. आणि पहिलं मेशू, दुसरं मेशू, तिसरं मेशू. मग पाहुण्याला एकदम गुरं बांधायची आठवण व्हायची.

कारण ते विषाचं घर होतं. म्हणजे तसं लोक म्हणायचे. अशा घरची बाई अंगठ्याच्या नखाखाली विष ठेवते, वाडगा देताना बोट बुडवते आणि पाहुण्याचं पुण्य आपल्या घरात ओढते. आईचं नख मुलीला मिळतं, असंही म्हणायचे. ल्हादेन नखं पार मांसापर्यंत कापायची. तर बाया ओढ्यावर कुजबुजायच्या, "नखच ठेवत नाही गं. आता बोटातच मुरलंय."

हे सगळं सुरू केलं झेपाने.

झेपा तेव्हा ऐन तारुण्यातला, गावचा लाडका, पायाला भिंगरी. चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या दिव्यांसाठी घराघरातून लोणी जमा झालं होतं. ते पाठीवर घेऊन खालच्या खोऱ्यातल्या मठात पोचवायचं काम त्याला दिलं. जाताना शेवटचं घर ल्हादेनचं. नवी नवरी ती, पोटुशी. तिने त्याला अंडं घालून गरम आरा, म्हणजे तांदळाची दारू, पाजला, वाटेला भाजलेले तांदूळ बांधून दिले. झेपा गेला तो पौर्णिमा उलटल्यावर परतला. पाठीवर रिकामी टोपली आणि तोंड उतरलेलं. लोकांनी विचारलं, लोणी कुठंय? दिवे लागले का? तो म्हणाला, "ल्हादेनच्या घरून निघालो आणि पोटात आग पडली. रस्त्यात पडून होतो. लोणी उन्हात वितळलं. मी वाचलो हेच नशीब."

एवढंच बोलला आणि पुढच्या आठवड्यात थिंफूला निघून गेला. ती एवढीशी गोष्ट गावात राहिली आणि मोठी होत गेली. ल्हादेनच्या नवऱ्याला त्याच्या आईने परत बोलावून घेतलं, तो पुन्हा शिडी चढला नाही. मुलगी झाली, युदेन. ती शाळेत डब्यातलं कुणाला देऊ लागली की पोरं हात मागे घ्यायची.

आता युदेन लग्नाची झाली होती. वरच्या वाडीतला नेदुप सुतार तिच्यावर जीव टाकून होता. खिडकी दुरुस्त करायला आला आणि खिडकी चांगली असूनही आठवडाभर दुरुस्त करत बसला. पण त्याची आई आना देमा, म्हणजे जिभेची सुरी. ती म्हणाली, "पोरगी चांगली आहे, मी कुठं वाईट म्हणते? पण ज्या घरात मी घोट घेत नाही, त्या घरची सून कशी आणू? ज्याच्या पोटात आग पडली होती ना, त्याने पुन्हा तिथं पिऊन दाखवावं. मग मी पिईन."

तर अशी गाठ होती. आणि त्या वर्षी, कोकिळेने पहिली साद घातली, खाचरांत पाणी सोडलं, तेव्हा बातमी आली की झेपा येतोय. थिंफूत आता त्याचा पर्यटनाचा मोठा धंदा. परदेशी पाहुणे घेऊन उन्हाळ्याच्या सुरुवातीला देश दाखवत फिरतो, आणि या खेपेला आपलं गाव दाखवायला आणणार. पाहुण्यांना मागावरचं रेशीम बघायचंय. म्हणजे ल्हादेनचं घर.

युदेन आनंदाने म्हणाली, "आमा, त्याला चहा पाजू या! सगळ्यांसमोर!"

"पाजू या की," ल्हादेन म्हणाली. "असा पाजू की पुन्हा तहान लागायची नाही."

युदेन हसली. तिला वाटलं आई गंमत करते.

दुसऱ्या दिवशी ल्हादेन वरच्या कुरणांत गेली. याकवाल्यांकडून लोकर आणायला जाते म्हणाली. लोकर आणलीच, पण त्याबरोबर किऱ्याच्या ओच्यात बचनागाची एक काळी मुळीही आली. इतकी वर्षं तुम्ही मला विषारी म्हणता ना? मग एकदा तरी खरं ठरू दे. फुकटची शिक्षा भोगली, आता गुन्हा तरी करते. असा विचार करत ती खाली उतरली. आणि नवल सांगते, उतरताना तिचं पाऊल हलकं पडत होतं.

मुळी तिने दगडावर वाटली आणि तुळईच्या फटीत ठेवली. मग रोज मागावर बसली की तिचे डोळे तुळईकडे जायचे.

त्याच चौथ्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मेमे सांगा, म्हणजे म्हातारा सांगा, गावात आला. पाठीवर लाकडी देव्हारा, दारादारांचा. एकेक दार उघडत जायचं आणि आतल्या मूर्ती दाखवत गाऊन कथा सांगायची, हे त्याचं आयुष्य. त्याचा आवाज फाटका होता, पण असा की ऐकताना आपलंच काहीतरी फाटून मोकळं होतंय असं वाटावं. देवाने मला दुसरं काही दिलं नाही तरी चालेल, असा गाणारा दर वर्षी एकदा दारी यावा. ल्हादेनच्या अंगणात त्याने देव्हारा उघडला. बाया अंगणापर्यंत आल्या, अंगणात बसायला त्यांची हरकत नव्हती.

मेमे सांगा त्या दिवशी भुकेल्या भुतांची कथा गायला. डोंगराएवढं पोट आणि सुईच्या नेढ्याएवढा घसा. नदीशी जातात तर पाणी ओठांपाशी येऊन आग होतं. गाता गाता तो थांबला आणि साध्या बोलीत म्हणाला, "ज्याला कुणी पाजत नाही ते भूत, हे पोथीत आहे. आणि ज्याच्या हातचं कुणी पीत नाही, ते काय? ते पोथीत नाही. ते आपण करतो."

बाया खाली बघू लागल्या. ल्हादेनने चहा आणला. मेमे सांगाने पहिलं मेशू म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि तिसऱ्यांदा वाडगा घेऊन असा प्यायला की दाढीवरून ओघळ आला. वर वाडगा पुढे करून म्हणाला, "अजून आहे का गं? गळा कोरडा पडलाय. भुतं गाणं सोपं नाही."

युदेनच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आना देमा उठता उठता म्हणालीच, "मेमेचं काय! त्याचा मंत्रच एवढा कडक, विष पोटात जायच्या आधीच वितळतं."

झालं. तो घोट बाद. जाताना मेमे सांगा ल्हादेनला म्हणाला, "उद्या मोठा दिवस. उद्याचं पुण्य हजारपट. पापही हजारपट बरं का." तो सगळ्यांनाच असं सांगत असे. ल्हादेनने मान लववली आणि मनात म्हणाली, मग सूडही हजारपट.

पौर्णिमेला सकाळीच झेपाची गाडी ओढ्यापर्यंत आली. उतरला तो केस काळे केलेला, पोट पुढे आलेला, तोंडात दोमाचा विडा. बरोबर एक म्हातारं परदेशी जोडपं. बाई उंच, टोपी घातलेली, प्रत्येक गोष्टीला हात लावून बघणारी. म्हातारा गुडघे धरून चढणारा. त्यांच्यामागे अख्खं गाव. पौर्णिमेला शेतात कुणी जात नाही, करमणूक आयती चालून आली होती.

"ल्हादेन!" झेपा शिडीखालूनच ओरडला. "अगं, तू तशीच आहेस! मी बघ कसा मठातल्या ढोलासारखा झालोय."

"ढोल मठात कसा पोचला?" आना देमा मागून म्हणाली. "लोणी तर पोचलं नव्हतं."

लोक हसले. झेपाही हसला. त्याच्या ध्यानातही नव्हतं की या घराशी त्याचं काही देणंघेणं आहे, आणि हेच ल्हादेनने शिडीच्या वरच्या पायरीवरून पाहिलं. मी रोज जळले, आणि हा विसरला. चोरी करणारा निदान चोरी आठवणीत तरी ठेवतो! तिच्या तोंडून मात्र गोड शब्द आले, "या, वर या. पाहुण्यांना बसायला गालिचा टाकलाय."

परदेशी बाईने माग पाहिला, रेशमावर बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. काय झालं कोण जाणे. ल्हादेनला ती आवडली. मग चहा. युदेनने वाडगे मांडले. ल्हादेन चुलीपाशी पाठमोरी होती. मोठं, गाठीच्या लाकडाचं, चांदीची कड असलेलं वाडगं तिने स्वतः उचललं. सगळ्यांत मानाचा पाहुणा त्यातच पितो. तुळईच्या फटीतली चिमूट त्याच्या तळाशी गेली. तळव्यावर किटलीतला चहा घेऊन ती वळली आणि सगळ्यांदेखत प्यायली.

आधी परदेश्यांना साधे वाडगे दिले. म्हाताऱ्या बाईला मेशूबिशू काय माहीत! तिने पहिल्याच खेपेला घेतला आणि गटागट प्यायली. दाराशी उभ्या गावाने श्वास धरला. ती ओठ पुसून हसली.

"पडली नाही," कुणीतरी कुजबुजलं.

"ती कशाला पडतेय," दुसरी म्हणाली. "गाईचं मांस पचवणारी ती माणसं. त्यांना विष म्हणजे वरण."

आणि मग मानाचं वाडगं झेपापुढे आलं.

"मेशू, मेशू," झेपा तोंडावर हात धरून म्हणाला.

"घे."

"अगं मेशू, गाडीत फार खाल्लंय."

"घे, झेपा."

दाराशी सगळे माना पुढे काढून थांबले. झेपाने मागे पाहिलं. सगळे का थांबलेत हे त्याच्या हळूहळू ध्यानात आलं. अरे, ते! ते लोणी! आणि आत कुठेतरी त्याला हसू आलं, कारण या घरात विष नाही हे साऱ्या गावात दोघांनाच पक्कं ठाऊक होतं, एक ल्हादेन आणि दुसरा तो. त्याने वाडगं घेतलं. "बघा रे, पितो," असं म्हणून ओठांकडे नेलं.

ल्हादेन गप्प राहिली असती तर तो प्यायला असता. पण सुडाची एक वाईट खोड असते, त्याला बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्याला मारायचं त्याला कळलंही पाहिजे, नाहीतर चव कसली?

"पी," ती म्हणाली. "तुला कशाची भीती? तुला तर ठाऊक आहे."

वाडगं थांबलं. झेपाने तिच्याकडे पाहिलं. आणि त्याने काय पाहिलं कोण सांगणार, पण त्याच्या तोंडातला विडा हलायचा थांबला. त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. तिथे नखं नव्हती. मग वाडग्यात गेली. साऱ्या गावात या घराला न भिणारा एकच माणूस होता, आणि आता त्याच्याच कपाळावर घाम आला.

"ल्हादेन," तो हळू म्हणाला. "हसण्यावारी ने गं. पोरवयातली गोष्ट."

"कसली गोष्ट?" आना देमा पुढे सरकली.

"तिलाच विचारा."

"तुला विचारतेय! कसली गोष्ट?"

परदेशी बाई विचारू लागली, काय म्हणतात सगळे? झेपाने तिला तिच्या भाषेत सांगितलं, स्वागत करतायत. पण त्याच्या हातातल्या वाडग्यात चहा डुचमळत होता. ल्हादेन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती, पापणी न हलवता. आणि झेपाला वाटलं, आता खरं बोललो तरच उठता येईल.

"आग नव्हती पडली पोटात," तो म्हणाला. "इथं काही नव्हतं. इथला आरा चांगला होता. पुढे खालच्या खोऱ्यात एका बाईकडे थांबलो. पीत राहिलो. टोपली दारात उन्हात ठेवली. पौर्णिमा झाली तेव्हा मी तिच्या घरात घोरत होतो. परत येऊन काय सांगणार? गाव सोडताना शेवटी कुठे प्यायलो होतो ते आठवलं, तेच नाव सांगितलं."

युदेनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग आना देमाचा आवाज आला, आणि तो ओळखू येत नव्हता.

"त्या टोपलीत माझ्या आईच्या दिव्यांचं लोणी होतं. ती गेली त्याच महिन्यात. मी तीन शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं. दिवे लागले नाहीत, आई अंधारात गेली, म्हणून मी इतकी वर्षं हिच्या नावाने बोटं मोडली. हिच्या! आणि तू त्या बाईच्या घरात घोरत होतास?"

"आना, चुकलो."

"मग पी की! हिच्या घरचा चहा पी. थरथरतोयस कशाला, लोणीचोरा?"

झेपाने ल्हादेनकडे पाहिलं. प्यायचं त्याचं धाडस होत नव्हतं, आणि का नाही हे सांगायचंही नव्हतं. ल्हादेनला वाटलं, इथेच वेळ थांबावा. खोटं बोलून तिचं घर जाळणारा माणूस, आता खरं बोलूनही घोट गिळू शकत नव्हता. असं सुख तिला आयुष्यात झालं नव्हतं.

"नाही पीत ना?" आना देमा म्हणाली. "सर. इकडे आण. मी पिते." आणि तिने त्याच्या हातातलं वाडगं ओढून घेतलं, मोठ्याने म्हणाली, "ल्हादेन, मी मेशू म्हणणार नाही. मी फार मेशू म्हटलं." आणि वाडगं ओठांकडे नेलं.

ऐका, हा क्षण. जिच्या एका घोटासाठी ल्हादेनने वर्षानुवर्षं चहा घुसळला, ती बाई आपल्या हाताने तो घोट घेत होती, आणि तो घोट ल्हादेनने स्वतः विषाचा केला होता. थांब म्हणावं, तर घर कायमचं विषाचं. गप्प बसावं, तर देमा गेली आणि घर तरीही विषाचं. सुडाने तिला कुठे आणून ठेवलं बघा! बुद्धी चालली नाही. जे चाललं ते फक्त हाताचं वळण. लहानपणापासून पाहुण्यांना पाजणाऱ्या हातांचं.

"अगं, थंड झालाय!" ती ओरडली आणि झडप घालून वाडगं काढून घेतलं. "इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पितेस आणि माझ्या घरचा थंड चहा? लोक काय म्हणतील मला? दुसऱ्याच्या हातातला, उष्टा! अशी कशी गं मी!" आणि वळून तिने तो चहा चुलीत ओतला. राख फुसफुसली. मागोमाग चांदीच्या कडेचं वाडगंही आगीत टाकलं.

"चांगलं वाडगं जाळलंस की!" देमा म्हणाली.

"चिरलेलं होतं. ठिबकत होतं. नवं घे."

तिने कोरं वाडगं घेतलं, कापडाने पुसलं, किटलीतला वाफाळता चहा आधी आपल्या तळव्यावर घेतला आणि प्यायली. मग ओतला, काठोकाठ. दोन्ही हातांनी दिला. आना देमा एका दमात प्यायली, वाडगं उपडं करून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाली, "मीठ कमी आहे. सून आली की तिला शिकवीन." गाव हसलं, काही रडले, आणि मग एकेक जण आत सरकू लागला. युदेनला किटली पुन्हा पुन्हा भरावी लागली. ल्हादेन चुलीजवळ बसून राहिली.

झेपा उठला नव्हता. तो चुलीत जळणाऱ्या वाडग्याकडे बघत होता. चांदीची कड काळवंडायला लागली होती. चिरलेलं वाडगं कुणी चांदी काढून न घेता जाळतं का? त्याला सगळं कळलं. एका शब्दाने तो सुटला असता. ‘बघा, मी उगाच भ्यालो नव्हतो,’ एवढं म्हटलं असतं तरी गाव फिरलं असतं. त्याने ल्हादेनकडे पाहिलं. तिनेही त्याच्याकडे पाहिलं, आणि यावेळी नजर तिनेच खाली घातली.

म्हाताऱ्या परदेशी बाईने त्याचा दंड हलवून पुन्हा विचारलं, एवढं काय झालं? झेपाने तिला सांगितलं, आणि गावालाही समजावं म्हणून आपल्या बोलीत पुन्हा म्हणाला, "काही नाही. चहा थंड झाला होता."

मग तो शिडी उतरून गेला. पुढे थिंफूत, गावाकडचे लोक भेटले की ‘लोणीवाला झेपा’ म्हणून टोमणे मारायचे, दारूच्या दुकानात त्याच्या तोंडावर हसायचे, की खोटं बोललास ते बोललास, पण कबूल करूनही चहाला भ्यालास! तो हसून विडा चघळायचा. मरेपर्यंत उत्तर दिलं नाही. ल्हादेनने म्हातारपणी सगळं मेमे सांगापाशी बोलून टाकलं, आणि ल्हादेन-झेपा दोघंही गेल्यावरच मेमेकडून ते माझ्यापर्यंत आलं.

युदेनच्या घरी आज नातवंडं आहेत, चहाला मीठ बेताचं असतं. तुम्ही ल्हादेनसाठी दिवा लावाल हे मला ठाऊक आहे, चांगल्या बाईसाठी सगळेच लावतात. पण माझं एक मागणं आहे. दिव्यात लोणी उरलं तर झेपाचीही आठवण ठेवा. एकदा खोटं बोलून त्याने एक घर बुडवलं. आणि एकदा खरं गिळून तेच घर तारलं, आणि तो घोट कडू होता.